प्रिय कै.

आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते पाहायचं असेल, तर माझ्या दिराला पाहावं. माझे यजमान गेले आणि पत्रांच्या धंद्यात अर्धा वाटा धाकट्या भावाकडे आला. तोवर तो कुठेतरी नोकरीत होता आणि वर्षातून एकदा भेटून "दादा, हे कागदाचं खूळ सोड" असं सांगून जायचा. नोकरी सुटली तेव्हा त्याला दादाच्या खुळाची आठवण झाली.

धंदा म्हणजे काय, तर दुकानदाराचं पत्र त्याच्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं. मजकूर छापायचा, घडी घालायची, पाकिटात सारायचं, पत्त्याचं लेबल चिकटवायचं आणि गठ्ठे बांधून टपालात टाकायचे. एक लांबट खोली, दोन टेबलं आणि मधूनमधून कागद चावणारं घडीचं मशीन. पूर्वी कपडेवाले, विमेवाले, दातांचे डॉक्टर सगळे आमच्याकडे यायचे. मग एकेक जण फोनकडे वळला. शेवटी एकटा चष्मेवाला उरला. त्याची गावभर दुकानं आणि गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी, म्हणून तो कागद धरून होता. तो गेला की खोलीला कुलूप, हे मला ठाऊक होतं आणि दिरालाही.

तरी या उंटावरच्या शहाण्याने मला न विचारता परस्पर त्याला जाऊन पटवलं, की आता पत्रं बंद, फोनवर मेसेज. यादी आमचीच, तीत फोननंबर होतेच; खाली नाव आणि फोनही आमचाच, फक्त कागद नाही. मला हे कळलं ते चष्मेवाल्याच्या कारकुनाकडून. मी तरातरा खोलीत आले, तर दीर कॉम्प्युटरसमोर पाय पसरून बसलेला.

"भाऊजी, मला विचारलं का नाही?"

"वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय," तो म्हणाला. मान वळवायचे कष्टही घेतले नाहीत.

त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं, तेही टोचून. मी माझं टेबल भिंतीकडे फिरवलं. तो पंखा स्वतःकडे वळवायचा, मी उठून पंखाच बंद करायचे. दोघंही घाम पुसत बसायचो, पण कुणी माघार घेतली नाही.

आमच्या यादीची एक रीत होती, यजमानांनीच घालून दिलेली. गिऱ्हाईक वारलं तरी नाव खोडायचं नाही. खोडलेलं नाव दुकानाकडून येणाऱ्या पुढच्या यादीत पुन्हा उगवतं आणि मेलेल्या माणसाच्या घरी पत्र जातं. म्हणून नाव तसंच ठेवून त्याच्याआधी 'कै.' लिहायचं, आणि लेबलं छापून आली की कै.वाली हाताने बाजूला काढायची. ते काम माझं. पोस्टमन पाकीट परत आणून "हे गेले" म्हणायचा, नाहीतर एखादी सून फोन करून सांगायची, की मी लगेच कै. लावायचे. गिऱ्हाइकं म्हातारी, त्यामुळे कै. वाढतच जायचे.

मेसेज जायच्या आदल्या संध्याकाळी दिराने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "एकदा नजर टाका, वहिनी. शुद्धलेखन तुमचं चांगलं आहे."

गरज पडली की जिभेवर साखर येते. मी खुर्ची न ओढता उभ्यानेच वाचलं. मजकूर असा होता: 'किती दिवस झाले, आपण दिसला नाहीत. आम्ही तुमची वाट पाहत आहोत. येताना जोडीदारालाही घेऊन या, दुसरा चष्मा मोफत.' वरच्या ओळीत एकेकाचं नाव आपोआप बसत होतं. दीर नावं सरकवत गेला आणि एका ठिकाणी आलं, 'प्रिय कै.', आणि पुढे एका मास्तरांचं नाव. त्यांचा कै. मी स्वतः लावला होता.

त्याने यादी उचलून जशीच्या तशी आत ओतली होती. इथे बाजूला काढायला कुणाचा हात नव्हता. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण नवरा मेला तरी चालेल, सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. माझा नवरा तर आधीच गेलेला होता, तेव्हा मला तेवढाही खर्च नव्हता. चष्मेवाला याच्यावर भडकेल, याला हाकलेल आणि मुकाट्याने कागदाकडे परत येईल, एवढंच मला दिसत होतं.

"मला त्यातलं काय कळतंय," मी म्हणाले आणि पर्स उचलून घरी गेले.

सकाळी खोलीचं दार उघडायच्या आधीच आतला फोन वाजत होता. एका मुलाने माझा आणि माझ्या खानदानाचा उद्धार केला. एक म्हातारी नुसतीच रडली. एक बाई मात्र अगदी शांत होत्या. म्हणाल्या, "यांचा फोन मीच वापरते. तुम्ही यांना लिहिलंय, जोडीदाराला घेऊन या. तर मी नक्की कुठे यायचं?"

एवढं विचारून त्यांनीच फोन ठेवला.

दीर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक. "मला वाटलं, कै. म्हणजे कॅप्टन असेल," तो म्हणाला.

"एका गावात एवढे कॅप्टन? लढाई कुठे चाललीय, भाऊजी?"

त्याने आपल्या अकलेने वाटेतूनच माफीचा मेसेजही पाठवून टाकला होता. त्याच यादीवर. 'प्रिय कै., झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

दुपारी चष्मेवाला आला. बसा म्हटलं तर बसला नाही. दिराकडे बोट करून म्हणाला, "मी याला आधीच सांगितलं होतं, ताई. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही. याने मला शब्द दिला, वहिनी बघतील म्हणून. तेवढ्यावर मी हो म्हटलं."

म्हणजे संध्याकाळची ती साखर शुद्धलेखनासाठी नव्हती. मला इतकी वर्षं वाटत होतं की हा माणूस कागदावर विसंबून आहे. तो माझ्यावर विसंबून होता.

"ताई, खरं सांगा. तुम्ही पाहिलं होतं का?"

हो म्हटलं तर खोलीला कुलूप. नाही म्हटलं तर दिराचं तोंड काळं, आणि मला हवं होतं तेच होतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. खोटं बोलणारच होते, त्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता.

"वहिनींना मी दाखवलंच नाही," दीर म्हणाला. "घाई केली."

चष्मेवाल्याने त्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. दीर मान खाली घालून ऐकत राहिला. मग ठरलं. ज्या ज्या घरी मेसेज गेला तिथे माझ्या हातची माफीची पत्रं जातील, आणि यापुढे सगळं पूर्वीसारखं कागदावर. कॉम्प्युटरला दिराने हात लावायचा नाही. मी जे जे मागितलं असतं ते सगळं मिळालं.

चष्मेवाला जिना उतरल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी नाही," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तुम्हीही गेला असतात आणि मीही. एकाचं तरी राहू दे."

"उपकार नकोत मला तुमचे."

"राहू द्या, वहिनी. त्या नावावर तुमची नजर थांबली होती. मी बघत होतो. मला वाटलं, काही चुकलं असतं तर तुम्ही बोलला असतात."

एवढं बोलून त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि पाकिटांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

आता तो रोज येतो. समोर बसून लेबलं लावतो आणि हटकून वाकडी लावतो. माझ्या जिभेच्या टोकावर शब्द येतो. तोही हात थांबवून वर बघतो, मी काही बोलते का याची वाट पाहतो. मी बोलत नाही. मग तो पुढचं लेबल तसंच वाकडं लावतो.