मधली ओळ

मी त्रेसष्ट शब्दांचा उतारा बोलतोय. एका सुताराने मोडकी खुर्ची कशी दुरुस्त केली, एवढीच माझी गोष्ट. प्लॅस्टिकच्या आवरणातलं कार्ड आहे मी. राहू गावाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत सहा वर्षं राहतोय. शाळेचं नाव सांगणार नाही. अब्रू फक्त तिचीच गेलेली नाही.

मुलांना न अडखळता वाचता यावं, म्हणून माझा जन्म. आम्ही चार कार्डं. प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी; मला हिरवी, कासवाच्या उताऱ्याला पिवळी. दरवर्षी तपासणीला साहेब यायचे, मोबाइलवर एक मिनिट लावायचे आणि मुलं आम्हाला म्हणून दाखवायची. होय, म्हणून; वाचून नव्हे! वर्षानुवर्षं तेच चार उतारे असले, की धाकटी पोरं थोरल्यांचं ऐकूनच पाठ करतात. हिरवी पट्टी दिसली की सुतार, पिवळी दिसली की कासव. मला हे ठाऊक होतं. तरी पोरं मला घडाघडा म्हणतात, याचा मला गर्वच होता.

यंदा आमच्या पट्ट्या सुटल्या. सुवर्णा मॅडमनी आम्हाला पाटसच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. तिथे घाईत मला पिवळी पट्टी लागली. दोन दिवसांनी साहेब आले.

चौथीतल्या मेहकच्या हातात मी पडलो. माझ्या ओळींखाली बोट फिरवत तिनं कासवाची गोष्ट म्हटली. एकदाही न अडखळता! साहेबांचे डोळे मोबाइलवर, मॅडमचे साहेबांवर. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. 'प्रगत' असा शेरा पडला, टाळ्या वाजल्या. माझ्या अंगावर कासव नावालाही नव्हतं.

प्रगत मुलांना मॅडमच्या जादा तासाला बसता येत नाही. तो कच्च्या मुलांचा. मेहक दारात घुटमळली, तेव्हा आत बसलेला तिच्या वर्गातला ईश्वर ओरडला, "ए हुशार, तुझं काय काम हाय हितं? जा की खेळाया!" ती गेली. अक्षर ओळखायला शिकण्याची तिची तेवढी एकच जागा होती, आणि ती माझ्यामुळे गेली.

आठवड्यानं तिची दादी, सुगराबी, शाळेत आली. शेतकऱ्यांकडून झेंडू घेऊन विकणारी बाई.

"मॅडम, पोरीला घरी बिस्कुटाच्या पुड्यावरचं नाव वाचता येईना. आन् तुमी म्हंता प्रगत?"

"अहो दादी, मिनिटात साठच्या वर शब्द वाचलेत तिनं."

"मला वाचाया येत न्हाई, पन फुलं घेता येत्यात. कॅरेट वरनं बघून घेत न्हाई मी. मधी हात घालते. सडका माल मधीच असतो."

मॅडमनी 'हेच ते कार्ड' म्हणत मला पुढे केलं. सुगराबीनं मला सोबत आलेल्या मेहकपुढे धरलं आणि झेंडूनं पिवळं झालेलं बोट माझ्या मधल्या ओळीवर टेकवलं. "हितनं वाच."

मेहकचे ओठ नुसते हलले. मग ती रडवेली होऊन म्हणाली, "दादी, मधनं न्हाई येत. पयल्यापासून म्हनू?"

मॅडमनी मला हातात घेतलं आणि या वर्षात पहिल्यांदाच वाचलं. "हे... हे कासव नाहीच," त्या पुटपुटल्या. मान वर होईना त्यांची.

"लाजू नका," सुगराबी म्हणाली. "गिऱ्हाईक बी वरनंच बघतं. पोरीला आत घ्या."

मेहकला आत घेतलं. यादीत ती अजून प्रगतच आहे. वर गेलेला कागद परत येत नसतो. तुमचं पोर घडाघडा वाचत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा मधल्या ओळीवर बोट ठेवा. माझ्यासारख्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायची वेळ आणू नका.

काल जादा तासाला मेहकनं मला मधूनच वाचायला घेतलं. "सु... ता... रा... ने..." कपाळावर घाम आला तिच्या. एका मिनिटात सातच शब्द झाले. पण ते सातही माझे होते.