दोन घंट्यांची झडती

मित्रांनो, मी एक जुना, बटनांचा मोबाइल आहे. माझी पाचाची कळ झिजली आहे आणि पाठीचे झाकण रबराने बांधलेले आहे. तरी मला हसू नका. पेटंटाच्या लढाईत मी साक्षीदार होतो.

आर्णीला शकीलभाईंचे मोटर दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी नवा फोन घेतला आणि मी भंगाराच्या खोक्यात पडलो. त्यांची मुलगी नाहिद हिने मला उचलून एका सर्किटला जोडले आणि तीन महिने खपून त्याचा प्रोग्रॅम लिहिला. मला दोन घंट्या दिल्या की विहिरीवरची मोटर सुरू, तीन दिल्या की बंद. लाइन आली की मीच मालकाला चार घंट्या द्यायच्या. कोणी फोन उचलायचाच नाही, म्हणजे खर्चही नाही.

मी उकंडाभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीत राहू लागलो. मोटर लावायला शेतात मारायच्या त्यांच्या चकरा वाचल्या. २०१६च्या पोळ्याला तर त्यांनी मला बैलाच्या शिंगाला बांधले आणि तोरणाखाली सगळ्या गावापुढे स्वतः रचलेली झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, म्हटली:

डबीतला फोन, घंट्या देल्या दोन,
मोटर झाली सुरू, पाहाले गेलं कोन?
घंट्या देल्या तीन, मोटर पडली गार,
लाइन आली का फोन वाजते चार!

गावाने हर हर महादेवाचा गजर केला. भाऊंच्या मुलीने, दीपाने, ते सारे टिपून त्याच दिवशी इंटरनेटवर टाकले.

शकीलभाई मात्र भडकले. पोरीची युक्ती भर तोरणात उधळली म्हणून त्यांनी उकंडाभाऊंशी बोलणेच सोडले. आता कोणीही ती उचलेल, असे त्यांना वाटले. आणि झालेही तसेच. पार मुकुटबनपर्यंतच्या मेकॅनिकांनी अशा पेट्या केल्या. पण एकाने टाकी भरताच मोटर बंद पडेल अशी सोय केली, दुसऱ्याने विजेच्या कमी दाबाचा बंदोबस्त केला. ते पाहून नाहिदने आपला प्रोग्रॅम आणखी सुधारला. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही त्यामुळे नवी अक्कल आली.

आठ वर्षांनी एका मोठ्या कंपनीचे पत्र आले. घंट्या मोजून पंप चालवण्याच्या पद्धतीवर तिने पेटंट मागितले होते. ते मिळाले की नाहिदला पेट्या बनवणे बंद करावे लागणार होते. तिचे तर सारे कामच ते.

शकीलभाई हताश होऊन म्हणाले, "तू तवाच पेटंट काहून नाही काढलं?"

"काढलं असतं तर टाकीची सोय कोनं केली असती, अब्बू? मी बी दुसऱ्याचं पाहूनच शिकली ना."

विरोध नोंदवायला ही पद्धत आधीपासूनची आहे याचा पुरावा हवा होता. तिचा जुना लॅपटॉप जळालेला, पावती एकही नाही. तेव्हा तिला ती झडती आठवली. शकीलभाई खाली मान घालून उकंडाभाऊंच्या दारी गेले. भाऊंनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, "भाई, सारं गाऊन टाकलं म्हनून तुमी रुसले होते. आता तेच घेऊन चला."

पेटंट कार्यालयापुढची सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. कंपनीचे वकील म्हणाले की शोधाला वर्षे आणि पैसा लागतो, संरक्षण नसेल तर कोण शोध लावील? यात काही खोटे नव्हते, मित्रांनो. पण झडती हे नुसते लोकगीत आहे, असेही ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी तारखेसह तो व्हिडिओ पाहिला. मग उकंडाभाऊ उभे राहून झडती म्हणू लागले आणि नाहिदने मला फोन लावला. दोन घंट्यांना, मोटरऐवजी मला जोडलेला टेबलावरचा दिवा लागला, तीनला विझला. माझी झिजलेली कळसुद्धा त्या दिवशी ताठ झाली होती!

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. ही पद्धत आधीच लोकांपुढे आली होती, असे निकालात लिहिले होते, आणि त्याखाली झडतीच्या चारही ओळी छापल्या होत्या.

पुढच्या पोळ्याला शकीलभाईंनी स्वतः मला शिंगाला बांधले. जुन्या झडतीत एक उणीव होती, ती उकंडाभाऊंनी भर तोरणात भरून काढली:

डोकं लावलं नाहिदनं, नाव झालं गावाचं!

त्या गजरात नाहिद रडत होती आणि हसतही होती.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी वस्तू खोक्यात टाकण्याआधी तिच्याकडे एकदा नीट पाहा. युक्ती सुचली तर चारचौघांत सांगा, आणि दुसऱ्याची सांगाल तेव्हा त्याचे नाव घ्यायला विसरू नका. बरे, दोन घंट्या वाजल्या. मोटर लावतो.