दोन बोटं सैल

ठकू हे तिचं घरातलं नाव. सोनोग्राफी सेंटरमध्ये तिला सगळे मॅडम म्हणत, आणि तिथे मॅडमच्या हाताचा दबदबा होता. बावीस वर्षं तिने माणसांच्या माना तपासल्या होत्या. मानेत दोन वाटा असतात: एक रक्त मेंदूकडे चढवणारी धमनी, आणि तिला खेटून, तेच रक्त खाली उतरवणारी शीर. डॉक्टरांना सगळी काळजी चढणाऱ्या रक्ताची. उतरणाऱ्याची विचारपूस कोण करतो? त्यात शीर मऊ, मध्येमध्ये लुडबुडणारी. म्हणून ठकूला काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की मानेवर फिरवायचा प्रोब दाबून धर, शीर मिटते आणि धमनी स्वच्छ दिसते. ठकूने तो धडा असा गिरवला की एक मान पाच मिनिटांत उरकायची. पेशंट जरा कण्हत, पण रिपोर्ट चुकत नसे. निदान तशी कुणाची तक्रार नव्हती.

तिचे बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि खिळ्याला टांगलेल्या टेपा. शर्ट शिवावा तर त्यांनीच, आणि त्यातही कॉलर. गळ्याचं माप घेताना ते टेपच्या आत स्वतःची दोन बोटं सारत आणि मगच आकडा वाचत. एखादं गिऱ्हाईक फिटिंगचा हट्ट धरायचं, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "फिटिंग खांद्याला. गळा आवळायचा नसतो, दोन बोटं सैल ठेवायचा." ठकू हे वाक्य ऐकतच लहानाची मोठी झाली. इतकं ऐकलं की पुढे ते तिला ऐकू येईनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. घरात हसू झालं, तेही हसले. मग हातात कात्री धरून ते कात्री शोधू लागले, तेव्हा हसू कमी झालं. सकाळी उठल्यावर डोकं तुंबल्यासारखं वाटतं म्हणायचे. कानात कुणीतरी मशीन चालवत बसलंय म्हणायचे. आडवं झालं की त्रास वाढायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपू लागले. चाळीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं जिभेवर येऊन परत फिरू लागली.

त्याच सुमारास एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठकूने त्यांना सेंटरवर बोलावलं. नोंद नाही, फाईल नाही, घरचंच काम. डबा अर्धा खाऊन तसाच उघडा ठेवला होता आणि तीन पेशंट बाहेर बसले होते. तिने सवयीने प्रोब दाबला. बाबा म्हणाले, जरा हळू गं. ती म्हणाली, झालंच. दोन्ही धमन्या त्यांच्या वयाला शोभणार नाहीत इतक्या स्वच्छ होत्या. तिने त्यांची मान पुसली आणि सांगितलं, "काही नाही बाबा. वय झालंय."

बाबांचा चेहरा उजळला. लेकीने मशीनवर बघून सांगितलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून त्यांनी तक्रार करणं सोडलं. डोकं दोन्ही हातांत धरून बसलेले दिसले आणि कुणी विचारलं, की म्हणायचे, वय झालंय. दादा, म्हणजे ठकूचा थोरला भाऊ, म्हणाला की साठी बुद्धी नाठी असं म्हणतात, बाबांनी वर पंधरा वर्षं सवलत घेतली. या घरात कुणी वाईट नव्हतं हो. पण वय झालं हे शब्द फार सोयीचे असतात. ते एकदा बोलले की पुढे काही बघावं लागत नाही.

मग सेंटरला नव्या डॉक्टरबाई आल्या. ठकूपेक्षा वयाने बारा वर्षांनी लहान. एका सकाळी त्या ठकूच्या मागे उभ्या राहून पडदा बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, की मॅडम, शीर कुठे गेली? ठकूने सांगितलं की ती मिटवलीय, नाहीतर मध्ये येते. डॉक्टरबाईंनी प्रोब स्वतःच्या हातात घेतला, मानेवर जेलचा ढीग घातला आणि त्या ढिगावर प्रोब नुसता टेकवला, कातडीला लागेल न लागेल असा. पडद्यावर शीर हळूच उघडली. त्या म्हणाल्या की उतरायची वाट अडली तर डोक्यात रक्त साचून राहतं, आणि काही माणसांमध्ये तो त्रास अगदी म्हातारपणासारखा दिसतो. डोकं जड, कानात आवाज, आडवं पडलं की जास्त, विसरभोळेपणा. सगळ्या म्हाताऱ्यांचं तसं नसतं. पण बघायला काय जातं?

ठकूने पुढचे पेशंट कसे तपासले ते तिचं तिला माहीत. त्या दिवशी ती पेशंटशी नको इतकं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना आणलं, या वेळी रीतसर नाव नोंदवून. दादाने त्यांना हाताला धरून आत आणलं, कारण आता पायरीवर पाऊल टाकायला ते विचारात पडत. तिने त्यांना सपाट निजवलं, जेल घातलं आणि प्रोब नुसता टेकवला. डावीकडची शीर जबड्याखाली दोऱ्याएवढी. उजवीकडची फुगलेली, आणि तिच्यात रक्त उतरायचं सोडून बंद खोलीतल्या धुरासारखं रेंगाळत होतं. हे सगळं दोन वर्षांपूर्वीही असणार. तिने स्वतःच्या हाताने ते दाबून मिटवलं होतं.

पुढची तपासणी मोठ्या मशीनवर झाली. मानेच्या वरच्या टोकाला दोन हाडांच्या बेचक्यात दोन्हीकडची शीर चिमटली होती. रिपोर्ट ऐकायला ठकू आणि दादा गेले, बाबा घरीच होते. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. बाबांचं विसरणं यामुळेच आहे असं शपथेवर सांगता येणार नाही, थोडं याचं असेल, थोडं वयाचं. वाट मोकळी करता येते. डोक्याचा भार कदाचित उतरेल. गेलेलं परत येईल ही आशा मात्र त्या देणार नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी बाबा आले असते तर आपण जास्त हिमतीने सांगितलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन उघडून विचारलं, "आधी कधी मानेची तपासणी झाली होती?"

दादाने ठकूकडे पाहिलं. त्याला ती दुपार ठाऊकच नव्हती. कागद तर कुठेच नव्हता.

"नाही," ठकू म्हणाली.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, बरं झालं तू या लाइनमध्ये आहेस, नाहीतर हेसुद्धा कळलं नसतं. ठकूला वाटलं, याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी पोचेपर्यंत तिने ठरवलं होतं. दादाला सांगायचं, उद्या डॉक्टरबाईंनाही, पण आधी ज्यांचं नुकसान झालं त्यांना. बैल गेला अन् झोपा केला हे तिला कळत होतं. तरी सांगायचं. बाबा पुढच्या खोलीत कापायच्या टेबलापाशी उभे होते, खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. ती समोर जाऊन उभी राहिली आणि थांबली तर जमणार नाही म्हणून एका दमात बोलली.

"बाबा, तेव्हा मी तुमची मान दाबून बघितली. फार दाबली. म्हणून दिसलं नाही. चूक माझी आहे."

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ते असंच ऐकायचे, मध्ये न बोलता. मग त्यांनी खिळ्यावरची टेप काढली. "घट्ट झालंय का? असू दे. घट्ट झालेलं उसवता येतं. फक्त कापड कमी कापलेलं नसावं, त्याला मग इलाज नाही," ते म्हणाले आणि टेप तिच्या गळ्याभोवती घातली. टेपच्या आत त्यांनी दोन बोटं सारली. बोटं गार होती आणि जराही दाबत नव्हती. आकडा वाचताना ते अडले, पुन्हा वाचला, पुन्हा अडले. तिनेच तो खाली वाकून वाचून सांगितला. त्यांनी खडूने टेबलावर लिहून घेतला.

"नाव काय लिहू ताई?"

"ठकू," ती म्हणाली.

बाबांनी कौतुकाने मान वर केली. "आमच्या लेकीलाही आम्ही ठकू म्हणतो. मोठ्या मशीनवर काम करते. तिने मला तपासलंय, काही नाही म्हणाली. वय झालंय."