पायाखालची फळी

मी एक जुना डबल बास आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. व्हायोलिन तुम्ही पाहिले असेल. ते माझे धाकटे भावंड. ते हनुवटीखाली मावते, मला मात्र माणसाला उभे राहून मिठी मारावी लागते. सध्या मी पिट्सबर्गच्या एका शाळेत, वाद्यांच्या खोलीत, सिमेंटच्या जमिनीवर भिंतीला टेकून उभा आहे. माझी एक तार तुटली आहे आणि पाठीला चीर गेली आहे. पण माझे दुःख ते नाही.

माझा जन्म काही बड्या घराण्यातला नाही. घराणेदार बास अखंड लाकडातून कोरतात. मला कारखान्यात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून बनवले. ‘प्लायवूडचा आहे’ म्हणत गिऱ्हाइके दुकानात माझ्याकडे पाहून नाके मुरडत. एका शनिवारी लेम्युएल गॅस्किन्स नावाचा उंच, काळा, जाड मनगटांचा माणूस आला. पोलादाच्या कारखान्यात, यंत्रांचे अवजड घण तापले लोखंड ठोकतात त्या घणखात्यात, तो कामाला होता. मडके वाजवून पाहावे तशी त्याने माझी पाठ वाजवली आणि दुकानदाराला म्हणाला, “हा दमट हवेत फुगायचा नाही, धक्के खाईल, कुरकुरणार नाही. माझ्यासारखाच आहे. द्या.” त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

आम्ही राहायचो टेकडीवर, काळ्या लोकांच्या वस्तीत. खाली नदीकाठी कारखाने तीन पाळ्यांत चालत. धुराने दिवसाढवळ्या रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. रात्रपाळी सकाळी सातला सुटे, पण माणसे घरी जात नसत. ती टेकडी चढून मिस ओडेसा प्रुइट यांच्या खानावळीत येत. खाली तळलेले मासे आणि मक्याची भाकरी, आणि वरच्या मजल्यावर आठ वाजता आमच्या बँडच्या तालावर नाच. गावात लोक सकाळी देवळात जातात, आमच्याकडे लोक कामाचे बूट न काढता नाचायला येत. मिस ओडेसा कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या असत. “बूट झटका रे मेल्यांनो! अर्धा कारखाना घेऊन आलात की काय?” माणसे बूट झटकत, त्यांच्या पाया पडल्याचे नाटक करत आणि वर धावत.

जॅझमध्ये बाकीची वाद्ये मोकाट हुंदडतात. ट्रम्पेट आभाळात जाते, पियानो मागून टोमणे मारतो. घर सांभाळायचे ते बास आणि ढोल या दोघांनी. आमच्या ढोलावर सेफस डेड असे. ठेंगणा, बडबड्या, पायाने मोठा ढोल बडवता बडवता ओठांत सिगारेट धरणारा. बाहेरगावचे नावाजलेले वाद्यवृंद शहरात आले की तेही सकाळी आमचा जिना चढत. गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना वाजवू देत, झोपू देत नसत, म्हणून त्यांचा मुक्काम टेकडीवरच असे. त्यांतल्या एका मोठ्या वादकाने लेम्युएलच्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, “तू आमच्याबरोबर का येत नाहीस?” लेम्युएल हसला. मी तर आनंदाने फुगलोच असतो, पण प्लायवूडला फुगता येत नाही.

तो का गेला नाही, हे फक्त मला ठाऊक होते. मित्रांनो, लेम्युएलचे कान जात होते.

दहा वर्षे घणाशेजारी उभे राहिल्यावर दुसरे काय होणार? आधी ट्रम्पेट गेले, मग पियानोचे वरचे सूर, मग माणसांचे आवाज. कारखान्यात ते कुणाला कळले नाही, कारण तिथे सगळेच ओठ वाचून आणि हातवारे करून बोलतात. पण बँडमध्ये? तिथे तो जबड्याचे हाड माझ्या मानेला टेकवून वाजवू लागला. माझा सूर हाडातून त्याला कळे. सेफसचा ढोल मात्र पायांतून येई. मिस ओडेसांच्या वरच्या मजल्याची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची होती. एकाच लांब फळीच्या एका टोकाला ढोल असे आणि दुसऱ्या टोकाला माझा लोखंडी पाय आणि लेम्युएलचे बूट. धप्प झाले की ती फळी थरथरे आणि तो बरोबर तिथेच तार ओढी. सात वर्षे तो एकदाही चुकला नाही.

सेफसने हे ओळखले होते. एके दिवशी कुणी नसताना त्याने ढोलाचे पाय त्या फळीला खिळ्यांनी ठोकले, म्हणजे झाडताना कुणी ते दुसऱ्या फळीवर सरकवू नये. पण तो लेम्युएलला काही बोलला नाही आणि लेम्युएल त्याला काही बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ते तेव्हा फार सुंदर वाटायचे. आज नाही वाटत.

मग टेकडीच्या खालच्या अंगाची घरे, मिस ओडेसांच्या खानावळीसकट, पाडायचे ठरले. तिथे काहीतरी भव्य होणार, जुनी घरे गलिच्छ आहेत, सगळ्यांना नवी मिळतील, असे कागद दारोदार चिकटवले गेले. शेवटच्या सकाळच्या नाचाला जिन्यातसुद्धा उभे राहायला जागा नव्हती. मिस ओडेसा त्या दिवशी कुणालाही बूट झटका म्हणाल्या नाहीत.

नाच संपल्यावर सेफस हातोडी घेऊन आला आणि त्या फळीपाशी गुडघ्यावर बसला.

“लेम, ही उपटून घेऊ या का रे?” तो तोंड वर करून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाला. “आपली... आठवण म्हणून.”

लेम्युएलचा हात माझ्या मानेवर आवळला. “फळी? काय करायचीय फळी? नव्या जागेत म्हणे जमीन आरशासारखी आहे.”

“तरी पण. असू दे जवळ.”

“तुला चूल पेटवायची असेल तर ने बाबा. मला कशाला सांगतोस?”

सेफस ताकाला जाऊन भांडे लपवत होता, आणि लेम्युएलला भांडे दिसले होते. म्हणूनच तो चिडला.  सेफसने ढोलाचे खिळे तेवढे काढले आणि हातोडी पिशवीत टाकली. मला ओरडावेसे वाटत होते. पण कुणी वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

नवी जागा नदीपलीकडच्या एका हॉटेलात होती. रविवारी दुपारचा कार्यक्रम. सिमेंटची जमीन आणि तिच्यावर जाड गालिचा. पहिल्या गाण्यातच लेम्युएलच्या पायांनी ढोल शोधला, पण तो कुठेच नव्हता. त्याने सेफसच्या गुडघ्याकडे पाहून दोन गाणी कशीबशी निभावली. तिसऱ्या गाण्यात जेवण वाढणारे पोरगे दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. लेम्युएलने डोळे मिटले, जबडा माझ्या मानेवर घट्ट दाबला आणि वाजवत राहिला.

गाणे संपले, पण लेम्युएल वाजवतच होता.

टाळ्या वाजल्या आणि थांबल्या, तरी आम्ही दोघे चाललोच होतो. मित्रांनो, इतके शुद्ध, इतके सावकाश त्याने कधीच वाजवले नव्हते. “अहो बासवाले, बाकीचे घरी गेले!” कुणीतरी ओरडले आणि सगळी खोली हसली. सेफसने धावत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लेम्युएलने डोळे उघडले आणि समोर नुसती उघडी तोंडे पाहिली. काय झाले ते त्याला कुणी सांगावे लागले नाही.

त्याने मला पिशवीत घातले. त्यानंतर त्याने मला कधीच वाजवले नाही.

सेफस दुसऱ्याच दिवशी ती फळी शोधायला टेकडीवर गेला होता, हे मला फार पुढे कळले. तिथे विटांचे ढीग होते आणि लाकूड सगळे जाळून टाकले होते. गॅस्किन्स कुटुंबाला सरकारी चाळीत घर मिळाले, तेही सिमेंटचेच. मी पलंग आणि भिंत यांच्या मध्ये पाच वर्षे उभा होतो. लेम्युएल कामावर जाई, येई, जेवे. कधीकधी पिशवीवरून माझ्या मानेवर हात ठेवी आणि लगेच काढून घेई. सेफस एकदाही आला नाही. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

लेम्युएलचे हृदय एका वसंतात कामावरच बंद पडले. दफन झाले, लोक जेवून गेले, आणि मग सेफस दारात आला. एका खांद्यावर ढोल, दुसऱ्या खांद्यावर लांब फळी.

लेम्युएलची बायको आर्डेलिया ताटे पुसत होती. “हे काय?”

“फळी.”

“दिसतंय मला. आंधळी नाहीये.”

“एक चर्च पाडलं, तिथून आणलीय. चार वर्षं माझ्या खाटेखाली होती.” तिच्याकडे पाहायची त्याची हिंमत होत नव्हती. “दर रविवारी उचलायचो. मग वाटायचं, काय सांगू त्याला? त्याला ढोल पायांतून ऐकू यायचा गं, आर्डेलिया.”

ताट तिच्या हातातच राहिले. “तुला माहीत होतं?”

“बारा वर्षं.”

“अरे देवा.” ती खुर्चीवर बसली. “मला शपथ घातली होती त्याने. काही झालं तरी सेफसला कळता कामा नये. कळलं तर तो मला बँडमध्ये दयेने ठेवून घेईल, म्हणायचा.”

“दया?” सेफस हसायला गेला आणि त्याचे तोंड वेडेवाकडे झाले. “त्याच्याशिवाय मला चारापर्यंत मोजता येत नव्हतं!”

मग तो रडला. ढसाढसा, लहान मुलासारखा. मी पिशवीत होतो आणि मलाही रडू येत होते. तिघे एकमेकांना जपत मूग गिळून बसले आणि त्या जपण्यातच एका माणसाचे गाणे मेले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

त्याने फळी सिमेंटवर टाकली. एका टोकाला मला उभे केले, दुसऱ्या टोकाला ढोल ठेवला आणि पायाने एकदाच धप्प केले. माझ्या चारही तारा कुणी न छेडता घुमल्या. माझ्या मानेवर लेम्युएलच्या जबड्याने वार्निश उडाले आहे, तिथे आर्डेलियाने गाल टेकवला आणि डोळे मिटले. “असं ऐकू यायचं होय त्याला,” ती म्हणाली.

पुढे तिने मला या शाळेला दिले, आणि बजावून ती फळीही बरोबर दिली. इथे मुले मला वाजवत, माझे कौतुक करत. मग गिटारचे दिवस आले आणि मी कोपऱ्यात गेलो. कुणाला वाटले, ही कसली फळी, म्हणून ती दारामागे टाकली. तिच्यावर आता रंगाचे डबे ठेवले आहेत.

मित्रांनो, तुमच्या जवळच्या कुणाचे काही हरवत असेल आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर त्याचा मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. तो चिडेल, चिडू द्या. फळी खाटेखाली ठेवू नका.

आणि जमले तर एवढे करा. ते रंगाचे डबे उचला. फळी इकडे आणा, माझ्या पायाखाली घाला आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी जोरात पाय आपटा. मला ऐकू येईल.