पोम्पेईची परटीण

प्रिन्सिपलबाईंच्या केबिनमधून मैथिली बाहेर पडली, तेव्हा तिच्या हातातल्या प्रदर्शनाच्या मजकुरावर लाल शाईच्या चार फुल्या होत्या. दारूचे रांजण नकोत, आपण शारजात राहतो, इथे दारूबंदी आहे. घरातले देव नकोत, कुणाच्या तरी भावना दुखावतील. भिंतींवर लोकांनी खरडलेल्या शिव्या नकोत, हे तर सांगायलाच नको. आणि रोमन परटिणी कपडे धुवायला माणसाचं मूत्र वापरत, ही गोष्ट सातवीतली मुलगी चीफ गेस्टसमोर सांगणार?

"मग उरलं काय, मॅडम?" मैथिलीनं विचारलं होतं.

"व्होल्कॅनो. पेरेंट्सना तोच बघायचाय."

मैथिली जिना उतरताना दात-ओठ खात होती. पुण्यात प्राचीन इतिहासात एम.ए. करून ती लग्नानंतर सुजीतबरोबर शारजातल्या अल नहदाच्या एका टॉवरमध्ये येऊन पडली होती. सुजीत पहाटे दुबईला निघायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून, सोफ्यावर आडवा व्हायचा. तिला शाळेत सोशल स्टडीज मिळालं. चार वर्षं धडे उरकले, नोट्स लिहून दिल्या, पेपर तपासले. २००० साली वार्षिक प्रदर्शनाचा विषय 'प्राचीन संस्कृती' ठरला, तेव्हा तिनं पहिल्यांदाच हात वर करून काहीतरी मागितलं होतं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पोम्पेई. पण तिला डोंगर दाखवायचा नव्हता, गाव दाखवायचं होतं. ओट्यात मडकी बसवून गरम जेवण विकणारा, पाव भाजणारा, रस्त्यात ठेवलेल्या दगडांवर पाय देत चिखल चुकवणारी पोरं. सातवी ब मधल्या सतरा मुलांना तिनं सतरा माणसं वाटून दिली होती. त्या माणसाचा शेवटचा साधा दिवस प्रत्येकानं सांगायचा, एवढंच.

हम्मादनं पहिल्याच तालमीत हात वर केला. "मिस, दे वेअर सो स्टुपिड. व्हाय डिडन्ट दे जस्ट रन?"

"बरेच पळाले की. दुपारी खडे पडायला लागल्यावर डोक्याला उशा बांधून निघाले. पण कित्येक जण घरातच थांबले."

"बट व्हाय?"

मैथिलीकडे पुस्तकातली तीन कारणं होती आणि तिन्ही बोलताना तिचं तिलाच पटेना. स्वतःवरच चिडून तिनं गृहपाठ दिला: घरी आई-बाबांना विचारा, तासाभरात घर सोडायला लागलं तर तुम्ही थांबाल की निघाल? आणि का?

तिसऱ्या दिवशी तिला केबिनमध्ये पुन्हा बोलावणं आलं. आत युसुफ बसले होते, तिच्या वर्गातल्या यम्नाचे वडील. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. अंगावर कंपनीचाच खाकी शर्ट होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

"टीचर, माझ्या पोरीला दुसरं कायतरी द्या," ते म्हणाले. "परटीण नको."

परटीण यम्ना करत होती, आणि सतरा जणांत सगळ्यात चांगली. मैथिलीला वाटलं, आलं लक्षात. लोकांचे कपडे धुण्याची लाज.

"कुठलंही काम हलकं नसतं, युसुफभाई. आम्ही मुलांना तेच शिकवतो."

युसुफनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग ते प्रिन्सिपलबाईंकडे वळून हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये होमवर्क के बाद मेरी बीवी दो दिन से रो रही है. बच्चों को ऐसा नहीं पूछने का."

प्रिन्सिपलबाईंनी मैथिलीला माफी मागायला लावली. तिनं मागितली. कशाची मागतोय हेही कळलं नाही, याचाच संताप जास्त होता. यम्नाला तिनं फुलं विकणारी केलं. यम्ना रडकुंडीला आली. "मिस, प्लीज. आय नो ऑल माय लाइन्स."

"बाबांनी सांगितलंय ना? खलास. आता वाद नको."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलच्या मध्यभागी सायन्सवाल्यांचा आठ फुटी ज्वालामुखी उभा राहिला. आत धुराचं मशीन आणि लाल दिवे. मैथिलीचं गाव खिडकीजवळ दोन टेबलांवर सरकवलेलं. चीफ गेस्ट दहाला येणार होते. दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकले, साडेअकराला पोचले. तोवर पांढऱ्या चादरी गुंडाळून उभी असलेली मुलं घामेजली होती, पाववाल्याची मिशी गळून पडली होती. पाहुण्यांनी ज्वालामुखीचं बटण दाबलं, धूर निघाला, टाळ्या वाजल्या, फोटो झाले. मैथिली पुढे झाली, "सर, आमचे विद्यार्थी..." पण तोवर प्रिन्सिपलबाईंनी हात दाखवून त्यांना चहाकडे वळवलं होतं.

"मिस, आर वी नॉट डूइंग इट?" हम्मादनं विचारलं. सहा आठवड्यांची तयारी. मैथिलीला ती दोन्ही टेबलं उचलून त्या डोंगरावर फेकावीशी वाटली.

तेवढ्यात यम्ना पुढे आली. फुलांची टोपली तिनं खाली ठेवली होती. समोर जेमतेम दहा-बारा पालक, तेही धुराकडे पाठ वळवून दार शोधणारे. तिनं मोठ्यानं सुरुवात केली. इंग्रजीतच, पण फुलवालीचं नाही, परटिणीचं. मी पहाटे उठते. हौदात उतरून पायांनी कपडे तुडवते. फुली मारलेलं मूत्रसुद्धा तिनं सोडलं नाही. शेवटी आलं, "आकाशातून दगड पडायला लागले, पण मी दुकानातच थांबले, बिकॉज आय वॉज फूलिश."

ते वाक्य मैथिलीनं लिहून दिलेलं नव्हतं.

"फूलिश नव्हती ती," मागून आवाज आला.

युसुफ भिंतीजवळ उभे होते. मैथिलीला वाटलं, आता हा माणूस पोरीचा हात धरून तिला ओढत नेणार. ते पुढे आले, पण हात धरला नाही. ते मराठीतच बोलायला लागले, यम्नाकडे बघून, बाकी कुणाला कळतंय की नाही याची पर्वा न करता.

"माझी लॉन्ड्री होती कुवेतमध्ये. तुला आठवणार नाय, दोन वर्सांची होतीस तू. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये पहाटे तोफांचा आवाज आला. शेजारी म्हणाला, सराव चालला असेल. मग रणगाडे दिसले. तुझी अम्मी म्हणाली, चला. मी म्हटलं, दुकानात दीडशे लोकांचे कपडे हायत. इस्त्री करून टांगलेले, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. कुणाचा लग्नाचा सूट. ते न्यायला आले आणि दुकान बंद दिसलं तर काय म्हणतील? म्हणून थांबलो. रोज शटर अर्धं उघडून बसायचो. एकोणीस दिवस. दोघं जण आले फक्त."

"अँड देन?" हम्माद कुजबुजला. त्याला अर्धंच कळलं होतं.

"मग बाकीचे कपडे तसेच ठेवून बसमध्ये बसलो, बगदादवरून जॉर्डनला. वाटेत वाळवंटात पाणी संपलं. तुझा थोरला भाऊ..." यम्नाला भाऊ होता हे मैथिलीला ठाऊक नव्हतं. यम्नालाही नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. "एकोणीस दिवस आधी निघालो असतो तर... तुझी अम्मी मला कधी बोलली नाय. दहा वर्सं झाली. होमवर्कचं तू विचारलंस, थांबाल की निघाल, तेव्हा पहिल्यांदा बोलली."

मैथिली काहीतरी बोलायला गेली, एवढ्यात स्पीकर खरखरला. "ऑल स्टुडंट्स, प्लीज प्रोसीड टू द बसेस." बाहेर हॉर्न सुरू झाले. सायन्सच्या सरांनी धुराचं मशीन बंद केलं आणि वायर गुंडाळायला घेतली. पालक पांगले. यम्ना बापाच्या खाकी शर्टाला चिकटून उभी होती. उरलेली सोळा माणसं आपापल्या चादरी सोडून दप्तरं शोधायला लागली.

दोन दिवसांनी मैथिलीच्या हातात मेमो पडला. मंजूर न केलेला मजकूर सादर केला, पालकाला अनधिकृत भाषण करू दिलं. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन पूर्ण सायन्स विभागाकडे गेलं. मेमोवर सही करताना तिनं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. संध्याकाळी सुजीतला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "तू कशाला पडतेस त्या भानगडीत?" तिनं भाजी गॅसवर तशीच ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

मार्चअखेर युसुफ शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. अबुधाबीत नोकरी मिळाली होती. क्लास टीचर म्हणून मैथिलीची सही हवी होती, त्यासाठी ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

"यम्नाची अम्मी कशी आहे?" मैथिलीनं विचारलं.

"भांडते," ते म्हणाले. "रोज भांडते आता." तक्रार करतायत की समाधान सांगतायत, कळलं नाही.

तिला यम्नाच्या त्या थोरल्या भावाचं नाव विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण दाराशी आणखी दोन पालक फॉर्म घेऊन उभे राहिले, तिसऱ्या तासाची घंटा झाली, आणि युसुफ "बराय टीचर" म्हणून कागदाची घडी घालत जिन्याकडे वळले. मैथिली हजेरीपट उचलून वर्गावर गेली.