पत्रकातली जादा ओळ

रवींद्रकाकांना नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ गुन्हाच. सिएटलच्या या बाजूला, शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डावर निवडून आलेले ते पहिले मराठी! ते जिंकले तेव्हा आईने चार किलो श्रीखंड केलं होतं.

पण त्या रविवारी मी नाही म्हणाले.

झालं असं. शाळांच्या नव्या इमारतींसाठी बाँड, म्हणजे करातून फेडायचं कर्ज, काढायचा की नाही, यावर फेब्रुवारीत मतदान आहे. आमच्या शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने माहितीचं पत्रक काढलं. काय बांधणार, खर्च किती, कर किती वाढणार, बस. ‘हो म्हणा’ असं त्यावर छापता येत नाही, कारण तो कागद ‘नाही’वाल्यांच्याही करातून येतो. मराठी अनुवाद मी करत होते, व्हॉलंटियर म्हणून. खाली माझं नाव छापणार होते! अख्ख्या शाळेला सांगून झालं होतं माझं.

काका आमच्याकडे पोहे खाता खाता माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावले. "इला, फारच कोरडं झालंय गं. शेवटी टाक, ‘आपल्या मुलांसाठी हो म्हणूया.’"

"पण इंग्लिशमध्ये नाहीये ते."

"म्हणूनच तर! डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात मराठी वाचतंय कोण?"

मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

"काका, मीपण ‘हो’वालीच आहे. आमची केमिस्ट्री पत्र्याच्या पोर्टेबल खोलीत भरते. पाऊस आला की टीचर काय बोलतात तेच कळत नाही, यार... सॉरी, काका."

"मग? बाँड पास व्हायला साठ टक्के मतं लागतात, बाळा. एकेक मत मोलाचं."

"इला, काका मोठे आहेत," आईने डोळे वटारले.

"म्हणूनच, आई. ते बोर्डावर आहेत, त्यांनी तर हे मुळीच करू नये. मी नाही टाकणार."

"राहू दे," काका हसले. "फाइल मला ईमेल कर. ऑफिसला देण्याआधी मीच टाकतो."

म्हणजे ओळ त्यांची, नाव माझं. आणि कुणाला कळलंही नसतं!

मी लॅपटॉप ओढून घेतला. फाइल सरळ ऑफिसातल्या मिस कार्टरना पाठवली, काकांना सीसी करून. लिहिलं, ‘मराठीत याच्यापुढे एक जरी ओळ आली तरी ती माझी नाही. छापण्याआधी मला दाखवा.’ आणि सेंड दाबलं.

काकांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी वाचलं. चमचा खाली ठेवला. आई गॅसकडे वळली ती वळलीच.

"दीडशहाणी आहेस."

"आहेच."

"आणि हरलो तर?"

"हरू नये म्हणूनच शनिवारपासून घरोघरी जाणारे मी. घरच्या प्रिंटरवरचा कागद, त्यावर हे भलंमोठं ‘हो’ आणि खाली माझं नाव. मी कुठे बोर्डावर आहे?"

काकांनी चमचा परत उचलला.

"आमच्या शेजारच्या हँककडे जाऊ नकोस," ते म्हणाले. "कट्टर ‘नाही’वाला आहे. तासभर डोकं खाईल."

"तासभर बोलायला तयार आहे? मग त्याच्यापासूनच सुरुवात करते!"