मावळतीकडं तोंड

निजामाचं राज्य जायच्या चार सालं आधीची गोष्ट. आमचे मालक धोंडप्पा गूळ इकाया सोलापूरला गेले आणि परतताना तामलवाडीत पटकीनं वारले. आमच्या गावी सास्तूरला सांगावा आला तवा आठ दिवस झालते. सांगणारा म्हणाला, पंचवीसेक मढी एकाच लांब खड्ड्यात टाकली.

मला रडू आलं न्हाय, राग आला. आमच्या लिंगायतांत माणूस आडवा पुरत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, हातात त्याच्या गळ्यातलं लिंग देत्यात. अठरा सालं ज्याला भाकर वाढली तो कुत्र्यामांजरागत आडवा पडलाय, हे माझ्या जिवाला सोसंना. दीर बसप्पा म्हणाले, "वहिनी, मातीत गेलं ते गेलं."

"तुमचा भाऊ गेला, भावजी. माझा नवरा गेलाय. गाडी जुपा," म्या म्हणलं.

तिसऱ्या दिवशी तामलवाडीच्या माळावर पोचलो. लांब खड्डा लांबनंच दिसला. त्याच्यापासनं धा पावलांवर एक गोल ढिगारा होता, एकटाच. जवळ लिंबाखाली हुसेनबी बसलेली, दस्तगीर पिंजाऱ्याची बायको; त्यांचं घर तामलवाडीतच.

दस्तगीर दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात गाद्यांचा कापूस पिंजाया यायचा. दुपारी म्या त्याला ताक द्यायची. द्यायची म्हंजे काय, भांडं न देता वरनं वंजळीत वतायची आणि वर बोलायची, "पिंजतोस कमी, पितोस लई." तो हसायचा. एका साली सासरे वारले तवा तो अंगणातच होता. त्यानं इचारलं, "अक्का, बसवून का पुरता?" म्या खेकसले, "शिवापुढं कुणी आडवं पडतं व्हय रं?"

हुसेनबी खाली बघत बोलली. "तुमच्या मालकांना खड्ड्याकडं नेताना आमच्या ह्यांनी वळखलं. म्हणाले, ह्यांच्या घरचं ताक प्यालोय, ह्यांना आडवं टाकू देणार न्हाय. सगळे पटकीला भिऊन लांब सरले. ह्यांनी एकट्यानं खणलं, उचललं, बसवलं. गळ्यातलं लिंग सोडून हातात दिलं. तोंड मावळतीला केलं."

"मावळतीला?" बसप्पा दचकले. "आमच्यात तसं न्हाय करत."

"आमच्यात देवाकडं तोंड म्हंजे तिकडंच, दादा. इचारणार कुणाला?"

बसप्पांनी गाडीतनं फावडं काढलं. म्हणाले, उकरून फिरवू, न्हायतर भावाला गती न्हाय.

म्या हुसेनबीला इचारलं, "दस्तगीर कुठाय?"

तिनं लांब खड्ड्याकडं हात केला. "दुसऱ्या दिवशी त्यांनाबी पटकीनं गाठलं. मला एकटीला खणाया जमलं न्हाय, अक्का."

म्या बसप्पांच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "त्यानं बसवलंय तसंच बसू द्या," म्हणलं. मग खड्ड्याच्या काठाला गेले. त्यात दस्तगीर कुठल्या अंगाला हाय, हे हुसेनबीलाबी ठावं न्हवतं. तिथं मला रडू आलं. नवऱ्याचं आलं का त्याचं, अजून सांगता येत न्हाय.

आता म्हातारी झाले. दारात कुणीबी येऊ दे, म्या पितळी तांब्या भरून ताक त्याच्या हातात देती. लोक म्हणत्यात, इरम्माचं मन लई मोठं. कसलं मन घेऊन बसलाव. लाज हाय ती. एवढ्या उन्हाळ्यांत त्याच्या हातात एकदाबी तांब्या दिला न्हवता म्या.